मनू, गाडी कोण चालवतं?

चि. मनू,

रविवारी फोन तू ठेवलास की मी, यावर बाबांचं आणि माझं अजून एकमत नाही. "अगं, मुलाखती झाल्या की मीही जाते त्यांच्याबरोबर, घेते एखादी बिअर," एवढंच तू म्हणालीस आणि विषय भाऊकाकांवर गेला. आपल्या घरात तो तिथेच जातो.

मायामीत आलेल्या लॅटिन अमेरिकी मुलींच्या पिण्यावरचा तू पाठवलेला प्रबंधाचा मसुदा वाचला. इंग्रजी अडलं तिथे बाबांना विचारलं, त्यांनाही अडलं तिथे पुढे गेलो. मायामी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे समुद्र आणि पार्ट्या. तू मुलाखती घेतेस त्या तुझ्या मुली तशा नाहीतच. मायामीजवळच्या हियालियात लोकांची घरं साफ करून आईला पैसे पाठवणारी ती क्यूबाची. कागदपत्रांची तारीख जवळ आली की जिची झोप उडते, ती निकाराग्वाची. गावी असताना प्यायचे ते बाप आणि भाऊ. बाईने मेरीमातेसारखं सोसायचं, घर धरून ठेवायचं. हे मला कुणी समजावून सांगायला नको. गटारीला आत बसून चकणा तळणाऱ्या बायका मी जन्मभर पाहिल्या, त्यांतली मीही एक.

तिकडे राहून वर्षं झाली, तिथली भाषा-रीत अंगवळणी पडली, की बायकांचं पिणं वाढलेलं दिसतं, पुरुषांचं तसं सरळ दिसत नाही, असं तू आधीच्या अभ्यासांवरून लिहिलंयस. मला नवल नाही वाटलं. पुरुषांवर बंधन होतं कुठे, सुटायला? आणि खरं सांगू, त्या मुलींचा मला थोडा हेवाच वाटला. स्वतःचा पगार, स्वतःचं लायसन्स, खोलीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. मी पगाराचं पाकीट न फोडता आजींच्या हातात देत होते आणि सिव्हिलला जायच्या बसचे पैसे मागून घेत होते. तेव्हा मोकळं होणं म्हणजे बिघडणं, असं मी म्हणणार नाही. फक्त गाडी कोण चालवतं तेवढं सांग.

तू "एखादी" म्हणतेस. तुमच्याकडचा ३५५ मिलीचा बिअरचा कॅन आणि ४५ मिली व्हिस्की, दोन्हींत शुद्ध अल्कोहोल साधारण १४ ग्रॅमच. बाईच्या शरीरात पाणी कमी, म्हणून तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. दोन तासांत चार झाली की बाईच्या बाबतीत ते अतीच धरतात, हे तुझ्याच मसुद्यात आहे. झालं, सुरू झाली माझी शाळा. तूच हे शिकतेस आणि मी तुला शिकवतेय. राग मानू नकोस.

पण पुरुषांच्या वॉर्डात मी काय पाहिलंय ते तुला माहीत आहे. पोट घागरीसारखं फुगलेलं, सुई घालून बाटल्या भरभरून पाणी काढायचं, आठवड्याने पुन्हा तेच. खाटेखाली वर्तमानपत्र अंथरून बायको बसलेली, डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. भाऊकाकांच्या वेळी डबा काकूंचा होता. त्या वॉर्डात मी बाईला नेहमी खाटेखाली पाहिलं. आता ती खाटेवरही येईल, ही माझी भीती. ती तुझ्याबद्दल नाही. थोडी आहे.

तुझ्या मुली पितात ती मौज म्हणून कमी आणि घरी विचारणारं कुणी नाही म्हणून जास्त, असं मला वाचताना वाटलं. जी मावशीकडे राहते तिचं वेगळं आहे. बिस्केन उपसागराकाठच्या त्या कारिदादच्या, म्हणजे क्यूबाच्या मेरीमातेच्या, देवळात सूर्यफुलं घेऊन जाते तिचंही. तू लिहिलेलं नाहीस, पण तुझ्या आकड्यांमागे मावशी हवीच होती. पुढच्या मसुद्यात घाल. मार्गदर्शकबाईंना सांग, आई म्हणते.

तिथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची कायद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे हे मी शोधून काढलं. विद्यार्थी व्हिसावर असताना पिऊन गाडी चालवताना पकडलं तर व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. म्हणून परत विचारते. रात्री त्या मुलींना सोडून घरी येताना स्टिअरिंगवर कोण असतं? तू असलीस तर एकही नको, "एखादी"ही नको. दुसरं कुणी असेल तर त्याने किती घेतली ते बघ. नाहीतर टॅक्सी. पैसे बाबा पाठवतील, मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुझ्या कोलंबियाच्या रूममेटची आई रोज रात्री बारांकियाहून व्हॉइस मेसेज पाठवते ना? तिचा नंबर मला दे. तिला मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही, बघू काय होतं ते.

तुझी,
आई

ता.क. मसुद्यातल्या टायपिंगच्या चुका बाबांनी पेन्सिलीने खुणावल्यात. पानांचे फोटो पाठवते. पहिल्या पानावर तुझ्या नावाखालीही त्यांनी रेघ मारलीय, ती चूक नाही.