पहिल्या बर्फाची घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की पणजी, मडगाव, फोंडा, म्हापशातल्या टूरवाल्यांच्या काश्मीर-मनालीच्या जाहिराती सुरू होतात आणि नाताळच्या सुटीच्या जागा डिसेंबर उजाडायच्या आत भरूनही जातात. अलीकडे त्यात स्कीइंगची भर पडली आहे. ‘पहिल्या बर्फावर स्कीइंगचा थरार’ अशी ओळ आणि खाली कमरेइतक्या बर्फात हसत उभे असलेले जोडपे. असा बर्फ सहसा फेब्रुवारीत पाहायला मिळतो. डिसेंबरच्या मध्याला गेलात तर कमरेचे सोडाच, कित्येकदा घोटा बुडण्याचीही मारामार असते. मी गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम केला आहे आणि हिवाळ्यात अधूनमधून तिकडे जाणे होते, एवढ्या अधिकारावर हे पत्र लिहीत आहे.

गुलमर्गचे कुरण साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तिथे गोल्फ चालतो आणि हिवाळ्यात त्याच परिसरात नवशिके पडत-झडत स्की शिकतात. खाली गवत असल्यामुळे हातभर दाबून बसलेला बर्फ असला तरी शिकणाऱ्याचे भागते. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्याही पुढे सोडतो. तिथले उतार सगळे दगडधोंड्यांचे आणि ओहोळांचे. हातभर बर्फात तो दगड झाकला जातो, आणि खरा धोका तिथेच आहे. उघडा दगड निदान चुकवता येतो. चार बोटे बर्फाखालचा दगड स्कीचे टोक अडकल्यावरच कळतो, आणि तोवर माणूस पुढे फेकला गेलेला असतो.

आता खरी पंचाईत ऐका. बर्फ आधी उंचावर पडतो. डिसेंबरच्या सुरुवातीला खालचे कुरण तपकिरी आणि वरचा डोंगर पांढरा, असे चित्र पुष्कळदा असते. गोव्याहून दोन विमाने बदलून, पोराबाळांचे जाकीट-बूट भाड्याने घेऊन पोचलेला माणूस तपकिरी गवताकडे पाहून परत फिरेल का? तो वर जातो. म्हणजे ज्याला सपाट जागेवर थांबता येत नाही, तो ऐन उतारावर उभा राहतो, कारण बर्फ तेवढा तिथेच आहे. वरच्या टप्प्यावरून खाली येणाऱ्या वाटा जाणत्या स्कीपटूंसाठी आहेत. नवशिक्याला सोसेल असा उतार तिथे नाही. समुद्रकाठच्या माणसाला एकदम त्या उंचीवर नेले की डोके धरते, दम लागतो, तोल जातो ते वेगळेच.

काश्मिरी माणूस हिवाळा मोजतो तो ‘चिल्लई कलान’पासून. २१ डिसेंबरला सुरू होणारे हे कडाक्याचे चाळीस दिवस. त्यात पडलेला बर्फ टिकतो, थरावर थर बसतो आणि उताराला पाया मिळतो. त्याआधीचा बर्फ जमिनीच्या उबेने खालून विरघळतो आणि दुपारच्या उन्हाने वरून. रात्री तेच पाणी पुन्हा गोठते. सकाळच्या पहिल्या फेरीला उतार इतका टणक होतो की स्कीची कड धरतच नाही, आणि दुपारी तोच उतार पचपचीत. नवशिक्याची मनगटे आणि गुडघे दुखावायला या दोन्ही वेळा सारख्याच सोयीच्या.

वर्तमानपत्रात ‘गुलमर्गमध्ये फूटभर बर्फ’ असे वाचले की इथे फोन खणखणू लागतात. पण तो फूट ताज्या बर्फाचा. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते. दहा सेंटिमीटर बर्फ वितळवला तर जेमतेम सेंटिमीटरभर पाणी निघते. दाबणारे यंत्र एकदा फिरले की फुटाचे काही इंचच उरतात. म्हणून उंची विचारताना ताज्या बर्फाची विचारू नये, दाबून बसलेल्या थराची विचारावी. तीही कुठली? कुरणावरची की कोंगडोरीची? एकाच दिवशी दोन्हीकडचे आकडे फार वेगळे निघतात.

भाड्याच्या सामानाबद्दल सांगायलाच हवे. एका दुकानात आमच्याच बाजूचे एक कुटुंब स्की घेत होते. वडील धिप्पाड, मुलगा सातवी-आठवीतला काटकुळा. दुकानदाराने दोघांच्याही पायांत बूट चढवले, स्कीत खटकन बसवले आणि म्हणाला, “सब सेट है साब.” वजन किती, आधी कधी स्कीइंग केले आहे का, एका शब्दाने विचारले नाही. माझे मराठी ऐकून मुलाची आई जवळ आली. “काका, हे असंच असतं का हो? याचा पाय जाम हलत नाही.” बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बायंडिंगवर एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात आकडा दिसतो. माणूस पडला की बूट किती जोरावर सुटावा, ते त्या आकड्यावर ठरते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून तो लावायचा असतो. फार घट्ट लावला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. फार सैल लावला तर चालत्या उतारावर स्की निघून जाते. बापलेकांच्या खिडक्यांत एकच आकडा होता. दुकानदाराने कुरकुरत स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि मुलाचा आकडा खाली आणला. काम दोन मिनिटांचे होते. दगड लागण्याची शक्यता जास्त असलेल्या या दिवसांत ही दोन मिनिटे फेब्रुवारीपेक्षा अधिक मोलाची.

हिमस्खलनाचा विषय काढला की टूरवाले म्हणतात, “अहो, बर्फच कमी आहे, कोसळणार काय?” ही समजूत नुसती चुकीची नाही, उलटी आहे. बर्फाचा थर पातळ असतो तेव्हा खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते आणि वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री कितीतरी खाली जातो. थोड्याशा जाडीत तापमानाचा एवढा फरक पडला की खालून वाफ वर सरकते आणि तळाचा बर्फ सुट्या, मोठ्या दाण्यांचा होतो. तो मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. पुढे पश्चिमी झंझावात येऊन दोन-तीन फूट बर्फ टाकतो आणि वारा त्याची लादी बनवतो. लादी वर, सुटे दाणे खाली. मग ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही ती तुटू शकते. म्हणजे कोरडा डिसेंबर पुढच्या महिन्यांसाठी धोका पेरून जातो.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गमध्येच एक रशियन स्कीपटू गेला. त्या वर्षीचा जानेवारी तिथे जवळपास कोरडा गेला होता आणि बर्फ उशिरा, एकदम आला होता. हे लोक अनुभवी देशांतून आलेले होते. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला हाताशी असतात पहिली दहा-पंधरा मिनिटे, म्हणजे सोडवणार तो बरोबरचा माणूसच, आणि त्याच्याकडे शोधयंत्र, काठी आणि फावडे असेल तरच. गोंडोलाजवळच्या ठरावीक पट्ट्यावर गस्तीचे पथक लक्ष ठेवते. त्या पट्ट्याच्या हद्दीला लावलेल्या दोरीपलीकडे तुमचे तुम्ही. तिथे “सरजी, उधर मस्त पावडर है” (म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ) म्हणणारे कोणीतरी भेटतेच.

बर्फाचा भरवसा राहिलेला नाही, हे सरकारी स्पर्धांनाही कळून चुकले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी मार्चवर ढकलावा लागला. ऐन फेब्रुवारीची ही कथा, तिथे डिसेंबरची हमी कोण देणार? उत्तराखंडातल्या औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने कृत्रिम बर्फाची यंत्रे बसवली गेली. पण अशा यंत्रांनाही हवा गोठणबिंदूच्या खाली आणि पुरेशी कोरडी लागते. शिवाय जोशीमठहून औलीला नेणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचली तेव्हा बंद पडला, पण जाहिरातींत त्याचा फोटो मात्र दिमाखात झळकतो. मनालीजवळच्या सोलांगबद्दल एवढेच, की तिथे स्कीइंग म्हणजे पुष्कळदा दहा मिनिटांचा फोटो असतो. त्याला माझी काही हरकत नाही.

आपण गोंयकार किनाऱ्यावर लाल बावटा लागलेला असताना पाण्यात शिरणाऱ्या पर्यटकांना किती नावे ठेवतो! जीवरक्षक शिट्ट्या मारून दमतात आणि हे आपले “कुछ नहीं होता”. जून ते सप्टेंबर समुद्र कसा असतो हे आपल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दिल्लीच्या माणसाला ते ठाऊक नसते, म्हणून बावटा लावावा लागतो आणि जीवरक्षक ठेवावे लागतात. मोपावर विमानात बसले की आपण दिल्लीवाले होतो. तिथल्या उतारावरच्या दोरीचा, बंद ठेवलेल्या टप्प्याचा आपल्याला राग येतो. “एवढे पैसे भरले आणि दुसरा टप्पा बंद?” अशी हुज्जत मी मराठीतही ऐकली आहे आणि कोंकणीतही.

टूर कंपन्यांकडून माझी अपेक्षा फार नाही. ‘स्कीइंगचा समावेश’ असे छापताना बर्फ नसेल तर काय करणार आणि पैसे किती परत मिळणार, हे पावतीवरच लिहावे. प्रशिक्षक कोण देणार आणि त्याने शिक्षण कुठे घेतले, हे सांगावे. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीत अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची संस्था आहे. शिकलेली माणसे मिळत नाहीत अशातला भाग नाही. आणि ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांना सरळ जानेवारी अखेर ते फेब्रुवारी सुचवावा. नाताळची सुटी जाईल, धंदा थोडा सरकेल, पण गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा येईल.

संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणी आहे. मासेमारीच्या आणि पावसाच्या दिवसांत आपण समुद्राच्या स्थितीची चौकट छापता, लोक ती वाचतात. चंदीगडची संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्था हिवाळ्यात जिल्हावार आणि उंचीवार हिमस्खलनाचे इशारे देते, हवामान खाते पश्चिमी झंझावाताचा अंदाज देते. डिसेंबर ते मार्च या काळात बारामुल्ला, कुलू, लाहौल-स्पिती आणि चमोली एवढ्या चार जिल्ह्यांपुरते दोन-तीन ओळींत ते छापता आले तर पाहावे. पर्यटन पुरवणीत बर्फाचा फोटो टाकाल तेव्हा तो कोणत्या महिन्याचा, हेही खाली द्यावे.

ज्यांचे बुकिंग झालेच आहे त्यांनी विम्याची कागदपत्रे आजच काढून पाहावीत. साध्या प्रवास विम्यात स्कीइंगसारखे साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते आणि ती निघण्यापूर्वी घ्यायची असते. गुडघ्याची शस्त्रक्रिया बांबोळीला येऊन करायची म्हटली तरी श्रीनगरहून पाय लांब करून विमानात बसायला तीन आसने लागू शकतात, आणि त्यांचे पैसे कोणी भरायचे यावर टूर कंपनीशी वाद घालण्याची ती वेळ नसते.

आपला,
एक वाचक
फोंडा, गोवा