साष्टीकरांना ही माऊली अपरिचित नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत क्युबाच्या 'कारिदाद देल कोब्रे' या मारियामातेवर आलेला लेख आवडला; मात्र दर्यावर्दींची अशी भक्ती मराठी वाचकाला अपरिचित आहे, हे त्यातील विधान चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या मला पटले नाही. मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर आहेत, त्यावरच ठाणेही वसलेले आहे. खाडीवर पूल झाले आणि आपण बेटावर राहतो याचा आपल्याला विसर पडला, इतकेच.

१६१२ च्या सुमारास नीपेच्या उपसागरात मीठ आणायला निघालेल्या दोघा मूलनिवासी भावांना आणि एका आफ्रिकी गुलाम मुलाला फळीवर तरंगणारी मूर्ती सापडली, अशी क्युबातली कथा आहे. वांद्र्याच्या मोतमाऊलीची, म्हणजे माउंट मेरीच्या मारियामातेची, मूर्तीही समुद्रातच मिळाली आणि त्याआधी एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत झाला होता, असे आमच्याकडे सांगतात. दोघींचा सण ८ सप्टेंबरलाच येतो. वांद्र्याची जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर भरते.

क्युबातील मातेला १९१६ मध्ये पोपनी त्या देशाची संरक्षक म्हणून मान्यता दिली, ती स्पेनविरुद्ध लढलेल्या सैनिकांच्या विनंतीवरून. राज्यकर्त्यांनी आणलेली देवी त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांनीच आपली मानली, आणि आफ्रिकी वंशाच्या अनेक भक्तांनी तिच्यात आपली नदीदेवता ओशुन पाहिली. आपल्याकडेही १७३९ मध्ये वसई पडली, साष्टीवरची पोर्तुगीज सत्ता संपली, पण माऊली राहिली. तिला हाक मारायचा शब्दही वारकऱ्यांच्या तोंडचाच. माझी आजी कार्ल्याच्या एकवीरेला जितक्या श्रद्धेने जाई तितक्याच श्रद्धेने वांद्र्याला जाई. आजोबांचा पाय बरा झाला त्या वर्षी तिने तिथे मेणाचा पाय वाहून नवस फेडला. यात धर्म बदलल्याची भावना तिच्या मनाला कधी शिवली नाही, आणि आमच्या घरात तिला कोणी तसे विचारलेही नाही.

जत्रेच्या दिवसांत वृत्तपत्रांत बहुतेक वाहतुकीतील बदलच छापून येतात; तेही लागतातच म्हणा. परंतु पुढच्या सप्टेंबरात आपण एखादा वार्ताहर उत्तनच्या किनाऱ्यावर आणि ठाण्याच्या कोळीवाड्यांत पाठवून तेथील वृद्ध कोळिणींच्या नवसाच्या हकिकती त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात, अशी विनंती आहे. आजीच्या वयाच्या बायका आमच्या आळीत आता दोघीच उरल्या आहेत.

आपला,
एक वाचक, ठाणे (पूर्व)