अर्भक कोणाला म्हणायचे?

संपादक महोदय,

मंगळवारच्या अंकातल्या एका बातमीत दगावलेल्या मुलांना सरसकट 'अर्भके' म्हटले होते. शेवटच्या ओळीत कळले की त्यांतला एक मुलगा चार वर्षांचा होता. चार वर्षांचे मूल अर्भक नसते. ३१ वर्षे मी प्रसूतिगृहात परिचारिका होते, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमच्या रजिस्टरात हे शब्द वयाला बांधलेले होते. २८ दिवसांपर्यंत नवजात, वर्ष पुरे होईपर्यंत अर्भक, पुढे बालक. जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी पहिल्या वाढदिवसाआधी किती गेली, तो अर्भक मृत्युदर. पाच वर्षांखालच्या मुलांचा दर वेगळा काढतात. पहिल्या महिन्यात बाळ जाते ते बहुधा अपुऱ्या दिवसांचे म्हणून, जन्मताच गुदमरल्याने किंवा जंतुसंसर्गाने. तिथे ऊब, आईच्या उघड्या छातीशी धरणे, पहिल्या तासात अंगावरचे दूध याने जीव वाचतो. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब आणि न्यूमोनियापासून जपावे लागते. त्याला स्वच्छ पाणी, लस आणि वेळेवर दवाखाना हवा. शब्दांची सरमिसळ झाली, तर बातमी वाचून नगरसेवकाने पैसे कशासाठी मागायचे?

गर्भलिंगनिदानाच्या बातम्यांत 'स्त्री अर्भक' वाचले की अधिक टोचते. पोटात असतो तो गर्भ. १९९४ चा कायदा आहे तो जन्माआधीच्या लिंगनिदानाविरुद्ध. जन्मलेल्या मुलीला कोणी उघड्यावर टाकून गेले, तर ती अर्भक, आणि तो गुन्हा निराळा.

इंग्रजीतल्या 'इन्फन्सी'चे, म्हणजे अर्भकावस्थेचे, मूळ लॅटिन आहे, अर्थ 'न बोलणारा'. वॉर्डात इतकी वर्षे काढल्यावर मला ते पटत नाही. भुकेचे रडणे, दुपटे ओले झाल्याचे, पोटात कळ आल्याचे, सगळे वेगळे ऐकू येते. आपल्या मराठीने तर या एका वर्षाचे किती बारीक टप्पे केलेत: तान्हे, मान धरलेले, पालथे पडणारे, रांगते, धरून उभे राहणारे. तुळशीबागेत झबले घ्यायला गेले की दुकानदार आधी विचारतो, "किती महिन्यांचं?"

असे असताना बातम्यांत प्रत्येक नवा उद्योग 'बाल्यावस्थेत' का असतो? रांगतो म्हणा, अजून बाळसे धरले नाही म्हणा. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली आपली पुणे मेट्रो आता तान्ही नाही, पावले टाकते आहे, हे कसब्यातल्या कुठल्याही आजीला समजेल.

एका आईचे बाळ अकराव्या दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी बारसे होते. मी रजिस्टरात लिहिले, 'नवजात, ११ दिवस.' तिने ते मला दोनदा वाचायला लावले. तिला ते दिवस मोजलेले हवे होते.

एवढीच विनंती आहे: अशा बातमीत वय लिहा. पहिल्या महिन्यात दिवसांत, पुढे महिन्यांत आणि मूल मोठे असेल तर वर्षांत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका
कसबा पेठ, पुणे