टोपणातलं जस्त

ग्लासगो
रविवार

ती. बाबांस,
सा. न.

रिपोर्टचा फोटो आईने पाठवला. झिंक, म्हणजे जस्त, १७२, शेजारी लाल बाण, आणि खाली तिचा मेसेज: 'ह्यांनी तिळाचे लाडू बंद केलेत.' लाडू सुरू करा. त्या आकड्यात तुमचं किती आणि ट्यूबचं किती, ते आधी कळू दे.

रक्त न्यायला आलेल्या मुलाच्या ट्यूबचं टोपण कुठल्या रंगाचं होतं, असं फोनवर विचारलं तर तुम्ही हसलात. बाबा, वागळे इस्टेटच्या रबर कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने हसावं? मिक्सिंग खात्यात गंधकाबरोबर पडायची ती पांढरी पूड, जी आईने वर्षानुवर्षं तुमच्या शर्टांच्या शिवणींतून झटकली, ते झिंक ऑक्साइडच ना? साध्या ट्यूबचं बूचही रबराचंच. रक्त त्याला लागून हिंदकळलं की जस्त त्यात उतरू शकतं. म्हणून या तपासणीला गडद निळ्या टोपणाची खास ट्यूब लागते. आई म्हणते, टोपण पिवळं होतं.

शिवाय सकाळी साडेसातला नौपाड्यात घेतलेलं रक्त नवी मुंबईच्या लॅबला दुपारी पोचलं. तांबड्या पेशींत सीरमपेक्षा, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यापेक्षा, कितीतरी जास्त जस्त असतं. सीरम वेगळं करायला उशीर झाला किंवा वाटेत पेशी फुटल्या, तर ते बाहेर येतं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'हेमोलाइज्ड', म्हणजे पेशी फुटलेलं, असं लिहिलंय, ते बघा. चष्मा लावून.

मीही काही शहाणी नव्हते. इथल्या पहिल्या थंडीत हातांना खाज सुटली म्हणून आईने दिलेलं कॅलामाइन मनगटापर्यंत चोपडायचे. आमच्या लॅबमध्ये रक्तातले धातू मोजायच्या आधी रोज 'ब्लँक' चालवतात, म्हणजे रक्त सोडून बाकी सगळं: तेच पाणी, तीच रसायनं, त्याच नळ्या. तिथे जस्त शून्याजवळ दिसायला हवं. माझ्या ब्लँकमध्ये दोन दिवस ते भरभरून येत होतं. पाणी बदललं, अ‍ॅसिड बदललं. शेवटी सीनियर बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच, बाबा. बापाची पूड लेकीच्या मनगटावर!

यंत्राचं तुम्हाला आवडेल. सीरम पातळ करून त्याचं धुकं करायचं आणि आरगॉन वायूच्या प्लाझ्मात, म्हणजे वीजभारित तप्त वायूत, सोडायचं (रक्तातला प्लाझ्मा नव्हे). तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त. रेणू तुटतात, अणूंवर वीजभार येऊन त्यांचे आयन होतात आणि पुढे निर्वातात वजनाप्रमाणे चाळले जातात. जस्त आम्ही बहुधा ६६ या वजनावर मोजतो. आर्सेनिक मात्र छळतं. त्याचं वजन ७५, आणि आरगॉन ४० अधिक क्लोरीन ३५ यांची जोडीही नेमकी ७५! रक्तात मीठ, म्हणजे क्लोरीन आलंच. मग मध्ये हेलियम भरलेला कप्पा ठेवतात. जोडी आकाराने मोठी, त्यामुळे तिच्या हेलियमशी टकरा जास्त होतात, ती मंदावते आणि मागे राहते. १९५५मध्ये अ‍ॅलन वॉल्श यांनी मांडलेली अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनची, म्हणजे अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजायची, जुनी पद्धत अजूनही चालते. एका वेळी बहुधा एकच धातू, पण तुमच्या जस्ताला तीही पुरे.

यंत्र बरोबर सांगतंय का, हे तपासायला आधीच मोजून ठेवलेलं रक्त मिळतं. शिसं-कॅडमियमसाठीचं असं एक अमेरिकन प्रमाणित रक्त बकरीचं होतं. हे आईला सांगू नका.

आता एवढं करा. डॉक्टरांना विचारून तपासणी पुन्हा करून घ्या. घरी नको, थेट लॅबमध्ये जा. सकाळी, उपाशीपोटी. तलावपाळीची फेरी आणि मिसळ नंतर. निळ्या टोपणाची ट्यूब नसेल तर सरळ परत या, भांडू नका. आणि कोविडपासून चालू असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी डॉक्टरांना दाखवा, तिच्यातही जस्त असतं.

रिपोर्टबरोबर टोपणाचाही फोटो पाठवा.

तुमची,
मनू