‘जैवविघटनशील’ म्हणजे नेमके कुठे आणि किती दिवसांत?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

बटाटा, कसावा, रताळे अशा कंदांतील स्टार्चपासून वेष्टनाची पातळ फिल्म बनवता येते आणि ती मातीत मिसळून जाते, हे आता बहुतेक वाचकांच्या कानावर आले आहे. मी विज्ञानाचा शिक्षक असून गेली काही वर्षे विद्यार्थ्यांकडून ही फिल्म प्रयोगशाळेत करून घेत आलो आहे. त्या अनुभवावरून एक मागणी मांडतो. अशा वेष्टनावर नुसता ‘जैवविघटनशील’ हा शब्द छापून भागू नये. ते कशाचे बनले आहे, कोणत्या परिस्थितीत विघटित होते आणि त्यास किती काळ लागतो, हे छापणे उत्पादकावर बंधनकारक असावे.

फिल्म करणे अवघड नाही. बटाट्याचा कीस पाण्यात कालवून फडक्यातून गाळला आणि ते पाणी स्थिर ठेवले की तळाशी पांढरेशुभ्र सत्त्व, म्हणजेच स्टार्च, बसते. वरची निवळ ओतून टाकून हे सत्त्व वाळवायचे. त्यातले सुमारे 5 ग्रॅम 100 मिलीलिटर पाण्यात कालवून, सतत ढवळत तापवले, की 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या आसपास ते दुधट पाणी बघता बघता दाट होते आणि त्याची पारदर्शक खळ बनते. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात आणि त्यांच्यातील अमायलोज व अमायलोपेक्टिन या लांबलचक रेणूंची घट्ट वीण सैल झालेली असते. मुलांना हा क्षण फार आवडतो. ही खळ सपाट ताटलीत पसरून वाळवली की फिल्म सुटून येते, परंतु ती दुमडताच काचेसारखी तडकते. म्हणून खळ शिजतानाच स्टार्चच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ग्लिसरीन घालावे लागते. ते रेणूंच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देते आणि फिल्म लवचीक होते.

या फिल्मवर पाण्याचा एक थेंब ठेवला की काही मिनिटांत तेवढी जागा फुगून बुळबुळीत होते. दमट हवेत ती सैलावते, आणि ठेवून दिली तर रेणू पुन्हा शिस्तीत जुळू लागल्यामुळे काही आठवड्यांत कडक होत जाते. कोरड्या हवेत मात्र ती प्राणवायूला चांगली अडवते आणि तेलही सहजासहजी आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे कोरड्या आणि लवकर वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी तिचा खरोखर उपयोग आहे. ओल्या वस्तूंसाठी निव्वळ स्टार्च टिकणार नाही, हे मान्यच करावे लागेल.

म्हणूनच कारखान्यांत स्टार्चमध्ये दुसरे पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचे, प्लास्टिकसारखे पदार्थ) मिसळतात, आणि खरा प्रश्न इथे सुरू होतो. पीबीएटी (बहुधा खनिज तेलापासून बनणारे, पण विघटित होऊ शकणारे प्लास्टिक) किंवा पीएलए (मका, ऊस अशा पिकांतील साखरेपासून बनणारे प्लास्टिक) मिसळलेली फिल्म योग्य कंपोस्ट प्रकल्पात विघटित होऊ शकते. परंतु पीएलएला त्यासाठी 58 ते 60 अंशांची सतत उष्णता लागते, आणि ती घरच्या कुंडीत किंवा नदीच्या पाण्यात मिळत नाही. पॉलिथिलीनमध्ये थोडा स्टार्च कालवलेली पिशवी तर निराळीच गोष्ट आहे. 1980च्या दशकातही अशा पिशव्या ‘विघटनशील’ म्हणून विकल्या गेल्या. त्यांतला स्टार्च सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, पॉलिथिलीनचा मात्र भुगा होऊन मातीत राहतो. दिसेनासे होणे म्हणजे विघटन नव्हे, हे मला विद्यार्थ्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

आम्ही एकाच ओल्या कुंडीत दोन पट्ट्या पुरल्या होत्या, एक आमच्या फिल्मची आणि दुसरी ‘जैवविघटनशील’ असे ठळक छापलेल्या एका पिशवीची. आमची पट्टी काही आठवड्यांत सापडेनाशी झाली. दुसरी वर्षभराने उकरून धुतली, तेव्हा तिच्यावरचा तोच शब्द मुलांनी स्पष्ट वाचला. पिशवीत काय मिसळले आहे, असे उत्पादकाला लिहून विचारले असता, ती पर्यावरणपूरक आहे एवढेच उत्तर आले.

मोजमाप नाही, अशी सबब चालणार नाही. वेष्टन कंपोस्ट होण्याजोगे आहे का हे ठरवणारे ईएन 13432 हे युरोपीय मानक पुरेसे नेमके आहे. त्यानुसार 12 आठवड्यांनंतर 2 मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे मूळ वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक उरता कामा नयेत, आणि 6 महिन्यांच्या आत किमान 90 टक्के विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड तयार व्हायला हवा. मात्र ही कसोटी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे, आणि नेमकी तीच गोष्ट वेष्टनावर अनेकदा सांगितली जात नाही.

कच्च्या मालाविषयीही थोडे लिहितो. अन्नाचा कंद वेष्टनासाठी वापरू नये, हा आक्षेप मला रास्त वाटतो. परंतु चिरलेले, खुरटे बटाटे आणि वेफर्सच्या कारखान्यांत काप धुतलेल्या पाण्याबरोबर वाहून जाणारे स्टार्च या कामी येऊ शकते. त्याला प्राधान्य मिळावे.

माझी मागणी वेष्टनाच्या कोपऱ्यात मावेल एवढीच आहे. ‘यात स्टार्च इतके टक्के, उरलेले अमुक पॉलिमर, केवळ औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात इतक्या आठवड्यांत विघटन, प्लास्टिकच्या पुनर्चक्रणात टाकू नये’ एवढा मजकूर छापला, तर पिशवी कोणत्या डब्यात टाकायची हे घेणाऱ्याला कळेल आणि प्रामाणिकपणे चांगली फिल्म बनवणाऱ्याचा माल नकली मालापासून वेगळा ओळखता येईल.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक