जामीन मंजूर झाला, पण माणूस घरी केव्हा येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या शेजारच्या कुटुंबातील, मालवाहू टेम्पो चालवणाऱ्या एका तरुणाला गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी मारहाणीच्या गुन्ह्यात अटक झाली. ‘कोर्ट आता सोमवारीच उघडणार’ या समजुतीने घरच्यांनी रविवार नातेवाइकांना फोन करण्यात घालवला. सोमवारी सकाळी ते वकील शोधायला निघाले तेव्हा कळले की, आदल्या दिवशी दुपारीच त्याला सुट्टीचे कामकाज पाहणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले गेले होते आणि दोन दिवसांची पोलीस कोठडीही मिळाली होती. त्या वेळी त्याच्या बाजूने बोलायला एकही वकील उभा नव्हता. मी ३१ वर्षे न्यायालयात लिपिक म्हणून काम केले, तरीही भिंतीपलीकडची ही गोष्ट मला मंगळवारी समजली, याची खंत अजून जात नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते, आणि हे २४ तास रविवार किंवा दिवाळी पाहून थांबत नाहीत. त्याच अनुच्छेदाने अटकेची कारणे समजण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. ही कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी स्वरूपात दिली गेली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वच गुन्ह्यांच्या बाबतीत स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अटकेची आणि ठेवलेल्या ठिकाणाची माहिती नातेवाइकाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती माहिती आमच्या शेजाऱ्यांना मिळाली होती. मात्र ‘उद्या अमुक वाजता कोर्टात नेणार आहोत, वकील असेल तर आणा, नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल’ हे एक वाक्य त्यांना कोणी सांगितले नाही. सगळे नुकसान झाले ते त्या एका वाक्यावाचून.

कारण वकील मिळण्यासाठी पैसे असावेच लागतात, हा समज आपल्याकडे फार खोलवर बसलेला आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकिलास पात्र असलेल्यांची जी यादी आहे, तीत कोठडीत असलेली व्यक्ती स्वतंत्रपणे नमूद आहे आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हा हक्क खटला उभा राहिल्यावर नव्हे, तर पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करतात त्या क्षणापासून सुरू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले. अलीकडे जिल्हा न्यायालयांच्या आवारात लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत. तेथील वकील पूर्णवेळ हेच काम करतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. फुकटचा वकील म्हणजे दुय्यम वकील, ही भावना मला अनेकदा ऐकू येते. रिमांडच्या, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचे की नाही हे ठरवण्याच्या, कामात वर्षानुवर्षे मुरलेले असे वकील मी जवळून पाहिले असल्यामुळे ती भावना अन्यायकारक आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

ज्यांना खासगी वकील करायचा आहे, त्यांनी मोबाईलवर दिसणाऱ्या ‘शहरातील नंबर एक फौजदारी वकील’ अशा मजकुरावर विसंबू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करण्यास किंवा कामे मिळवण्यासाठी मध्यस्थ नेमण्यास मनाई आहे. ज्या न्यायालयात प्रकरण चालणार, तेथील बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या बसण्याच्या खोलीत, जाऊन फौजदारी बाजू नियमित कोण चालवते, हे विचारणे हाच अजूनही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. सांगितलेली फी फक्त जामीन अर्जापुरती आहे की खटला संपेपर्यंतची, तारखेला प्रत्यक्ष कोण उभे राहणार, हे आधी विचारावे, वकीलपत्र वाचूनच सही करावी आणि दिलेल्या पैशांची पावती मागावी. आमच्या शेजाऱ्यांकडून पोलीस ठाण्याबाहेरच्या एका इसमाने ‘साहेबांना सांगतो, आजच सोडवतो’ म्हणून आठ हजार रुपये घेतले, आणि तो पुन्हा दिसला नाही.

जामिनाविषयीचे अज्ञान याहून मोठे आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो आणि तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. एवढेच नव्हे, तर अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला निर्धन मानून केवळ जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ सांगते. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असे मात्र नव्हे. तेथे निर्णय न्यायालयाच्या विवेकावर असतो, आणि आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणील का, पुरावा नष्ट करील का, हे पाहिले जाते. तपास ६० किंवा गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत पुरा होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि वकील नसलेला माणूस तेथेच मागे पडतो.

त्या तरुणाला नवव्या दिवशी १५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेच्या एका स्थानिक जामीनदारावर जामीन मंजूर झाला. घरी पेढे वाटले गेले, आणि तो मात्र आणखी ११ दिवस तुरुंगातच राहिला. मामाचा सातबारा होता, पण शेजारच्या जिल्ह्यातला. गावात भाड्याने राहणाऱ्या या कुटुंबाच्या ओळखीत ऐपतीचा दाखला काढून कोर्टात उभा राहील असा कोणी नव्हता. शेवटी वकिलांनी अर्ज करून तेवढीच रक्कम रोख भरण्याची परवानगी मिळवली, आणि आईच्या गळ्यातले मोडून ती भरली गेली. अटी पाळल्या तर खटला संपल्यावर ही रक्कम परत मिळते, हेही त्या माऊलीला ठाऊक नव्हते. ती दंड भरल्याच्या दुःखात होती.

हाच प्रश्न १९७८ मध्ये मोती राम या गवंडी कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १० हजारांचा जामीनदार मागितला गेला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून जामीनदार म्हणून त्या भावाला नाकारले गेले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती भूमिका साफ फेटाळली. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी निर्देश दिले. जामिनाचा आदेश ईमेलने तुरुंगात पाठवावा. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. आणि सुटकेला विलंब लावणारी स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असे त्यांत म्हटले आहे. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्र सरकारची आर्थिक मदतीची योजनाही आहे. ऊसतोड, बांधकाम, वाहतूक यांसाठी जिल्हे ओलांडणाऱ्या आपल्या राज्यातील लाखो माणसांसाठी या तरतुदींइतके मोलाचे दुसरे काही नाही.

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, अटी मोडल्यास तो रद्दही होतो, आणि फिर्यादीच्या वेदनेची मला पूर्ण जाणीव आहे. त्या मुलाचा गुन्हा ठरायचा तेव्हा ठरेल.

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या ठाणे अंमलदाराने अटकेची खबर देताना नातेवाइकाच्या हाती एक मराठी चिठ्ठी द्यावी आणि तीत चारच गोष्टी लिहाव्यात : गुन्हा नोंदणी क्रमांक व कलमे, ती जामीनपात्र आहेत की नाहीत, आरोपीला कोणत्या न्यायालयात केव्हा नेणार, आणि लोक अभिरक्षक कार्यालयाचा पत्ता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि पोलीस अधीक्षक यांनी मनावर घेतले, तर यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या दैनिकात अटकेच्या बातम्या रोज छापल्या जातात. त्या पानाच्या तळाशी १५१०० हा क्रमांक नियमितपणे छापावा, अशी आपणासही नम्र विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक