नवजात बाळांतील हर्पिस : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार. नवजात शिशू अतिदक्षता विभागात काम करणारी बालरोगतज्ज्ञ म्हणून एक विनंती करीत आहे. जन्मानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत बाळ गंभीर आजारी पडल्यास हर्पिस सिम्प्लेक्स या ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या विषाणूची शंका घेतली जावी आणि शंका येताच, पीसीआर तपासणीसाठी नमुने घेऊन अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू व्हावेत, असा स्पष्ट निर्देश मार्गदर्शक सूचनांत असावा. (हर्पिस म्हटले की अनेकांना नागीण आठवते, तिचा विषाणू याच कुळातला असला तरी वेगळा आहे.)

हा आजार विरळ आहे, म्हणूनच तो नजरेतून निसटतो. बाळ दूध ओढत नाही, मलूल होते, ताप येतो किंवा अंग गार पडते, कधी झटके येतात. ही लक्षणे जिवाणूसंसर्गातही दिसत असल्याने प्रतिजैविके सुरू होतात आणि विषाणूचा विचार मागे पडतो. अंगावर फोड असले तर निदान सोपे, परंतु कित्येक बाळांना ते उठतच नाहीत. संसर्ग शरीरभर पसरलेली सुमारे ८५ टक्के बाळे उपचारांविना दगावतात. शिरेतून पुरेशा मात्रेत असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध दिल्यास हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येते. हे इंजेक्शन जुने आणि परिचित आहे. ते प्रत्येक प्रसूतीगृहाच्या हाताशी असले पाहिजे.

बाधित बाळांच्या बहुतेक मातांना आपल्याला हा संसर्ग असल्याचे ठाऊकच नसते. सर्वांत मोठा धोका जुन्या संसर्गाचा नसून गरोदरपणाच्या अखेरीस प्रथमच झालेल्या संसर्गाचा असतो, कारण आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचायला तेवढा अवधी मिळत नाही. तो संसर्ग बहुधा जोडीदाराकडून येतो, तरीही प्रश्न एकट्या आईलाच विचारले जातात आणि पुढे दोषही तिच्याच माथी येतो. हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून गर्भवतीच्या तपासणीपत्रकात वडिलांसाठीही दोन प्रश्न असावेत : ओठांवर किंवा जननेंद्रियांवर कधी असे फोड आले होते का, आणि सध्या आहेत का? प्रसूतीच्या वेळी आईच्या जननेंद्रियांवर फोड आढळल्यास सिझेरियनचा निर्णय तत्काळ घेता यावा. ओठावर फोड असलेल्या कोणीही, अगदी आजीनेही, बाळाचा मुका घेऊ नये, हे घरी पाठवताना सांगितले जावे.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ